निफाडचा पारा उतरायच्या आधी

निफाडचा पारा घसरल्याची पहिली बातमी आली की आमच्या सोसायटीत सगळ्यांना एकदम माळा आठवतो. ब्लँकेटांची पिशवी खाली येते, तिला डांबरगोळ्यांचा वास मारत असतो, आणि त्याच रात्री ती अंगावर घ्यायची वेळ येते. मग दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन नवीन रजई, तयार लाडूंचा डबा, टाचांना लावायची ट्यूब. महिन्याचं गणित तिथेच कोलमडतं.

नाशिक साधारण 600 मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत इथे पारा दहाच्या खाली सहज जातो. निफाडला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात तर दोन-तीन अंशांच्याही नोंदी झाल्या आहेत. द्राक्षबागायतदार थंडी पडल्यावर पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात, कारण त्यांना दुसरा इलाज नसतो. आपल्याला असतो. ऑक्टोबरच्या ज्या उन्हाला आपण महिनाभर शिव्या घालतो, तेच साठवून ठेवायचं. मार्गशीर्षातलं ऊन दिसायला लख्ख, पण चार वाजले की गच्चीवरून निघून जातं. म्हणून खालची बरीचशी कामं दिवाळीच्या आगेमागे उरकायची आहेत.

आधी माळा रिकामा करा

स्वेटर, कानटोप्या, रजया दोन दिवस कडक उन्हात टाका. दुपारी एकदा उलटा करा आणि काठीने झोडपा. कापूस दबलेली रजई अशाने पुन्हा फुलते, आणि फुगलेली रजईच ऊब धरते. संध्याकाळी दव पडायच्या आत घरात घ्या. हे अंथरूण निम्म्या थंडीचं काम करतं, आणि खर्च शून्य.

गोधडी: दोन रविवार आणि चार जुन्या साड्या

सगळ्यात जास्त वेळ या कामाला लागतो, म्हणून ते लवकर सुरू करायचं. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आत-बाहेर रुंद असते. ती मधोमध कापायची आणि दोन तुकडे लांबीच्या बाजूने जोडायचे. दोघांना पुरेल असा एक थर तयार होतो. असे चार थर लागतात.

कुठली साडी कुठे, याला महत्त्व आहे. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साड्या वर आणि खाली, कारण अंगाला त्याच लागणार. सिंथेटिक साड्या मध्ये. जरीचे काठ आधी कापून टाका, ते टोचतात. सगळ्या साड्या एकदा गरम पाण्यातून काढून वाळवा, म्हणजे आटायचं ते आधीच आटेल.

मग फरशी पुसून सगळ्यात खालचा थर पसरा. चारही कोपऱ्यांवर पाटे-वरवंटे, डबे, जे असेल ते वजन ठेवा आणि एकावर एक थर तळहाताने ताणत घाला. आता कच्चे टाके. ते मधून कडेकडे घालत जायचं, म्हणजे कुठे चुणी अडकली तर बाहेर सरकते. मी पहिल्या गोधडीला एका कडेपासून सुरुवात केली होती. दुसऱ्या कडेला पोचेपर्यंत वीतभर कापड उरलं, आणि मध्ये जो फुगा राहिला तो अजून आहे.

कच्चे टाके झाले की कडा आत दुमडून पक्क्या शिवा आणि साधा धावदोरा घालत कडेकडून आत या. दोन ओळींत दोन बोटांचं अंतर ठेवा. फार दाट शिवलं तर गोधडी पुठ्ठ्यासारखी होते. ऊब कापडापेक्षा थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते, तिला जागा हवी. गोधडीचा जाड दोरा आणि मोठी सुई बोहरपट्टी-मेनरोडकडे सहज मिळते. मध्ये जुनं जाड ब्लँकेट घालायचा मोह होईल. घालू नका. धुताना ओली गोधडी दोघांना उचलत नाही, आणि फ्लॅटच्या बाल्कनीत ती तीन दिवस वाळत नाही.

डिंकाचे लाडू, पाक न करता

डिंकाचे लाडू बिघडतात ते दोन ठिकाणी: डिंक आत कच्चा राहतो, किंवा पाक पुढे जातो. माझ्या सासूबाई पहिल्यावर उन्हाचा उपाय करायच्या आणि दुसऱ्यावर पाकच न करण्याचा.

तीसेक लाडवांसाठी खारकेची पूड पाव किलो, सुकं खोबरं पाव किलो, बाभळीचा डिंक 100 ग्रॅम, चिरलेला गूळ 300 ग्रॅम, तूप 150 ते 200 ग्रॅम, खसखस 50 ग्रॅम, चमचाभर सुंठ आणि अर्धं जायफळ घ्या. बदाम, गोडंबी परवडत असेल तर मूठभर. नसेल तर भाजलेल्या शेंगदाण्यांचं भरड कूट घाला, लाडू त्याने काही हलका होत नाही. खारीक अख्खी आणून, बिया काढून, उन्हात कडकडीत वाळवून घरीच कुटली तर तयार पुडीपेक्षा स्वस्त पडते आणि चवही राहते.

डिंक हरभऱ्याच्या डाळीएवढा फोडा आणि दिवसभर उन्हात ठेवा. दमट डिंक वरून फुलतो, आत खडा राहतो, आणि तो खडा मग दाढेला चिकटतो. तूप चांगलं तापवून आच मध्यम करा आणि चमचा-चमचा डिंक तळा. फुललेला दाणा बोटाने दाबला की चुरा व्हायला हवा. उरलेल्या तुपात खारकेची पूड दोन मिनिटं परता. खोबरं आणि खसखस मात्र कोरडीच भाजा, त्यांना स्वतःचं तेल आहे. इथेच अर्धी वाटी तूप वाचतं.

सगळं परातीत हाताने चुरून घ्या. कढईत दोन चमचे तुपावर गूळ घाला. तो विरघळून कडेला बुडबुडे आले की लगेच उतरवा. उकळू द्यायचा नाही. उकळला की पाक झाला आणि पाक झाला की लाडू फोडायला बत्ता लागतो. आमच्याकडे एका वर्षी खरोखरच लागला होता. गूळ मिश्रणावर ओता, सुंठ-जायफळ घाला आणि गरम असतानाच वळा. वळत नसतील तर चमचाभर तूप गरम करून घाला, पाण्याचा हात लावू नका.

रोज सकाळी एक पुरे. ‘गुळाचे आहेत, मधुमेहाला चालतात’ हे घरोघरी ऐकू येतं, पण गुळानेही साखर वाढतेच, आणि खारकेनेही.

बाजरीचं पीठ मात्र साठवू नका. ते लवकर कडवट होतं, आठवड्यापुरतंच दळून आणा.

भेगांचं मलम

पाव वाटी मेणात चार पट खोबरेल किंवा तिळाचं तेल, एवढंच. मेण मधमाशांचं हवं, मेणबत्तीचं नको. भद्रकालीकडच्या जुन्या काष्ठौषधींच्या दुकानात विचारा. पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात वाटी धरा आणि मेण तेलात विरघळू द्या. थेट आचेवर ठेवू नका. कोमट झालं की कोरड्या डबीत ओता. खोबरेल साधारण 24 अंशांखाली स्वतःच गोठतं, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत मलम दगड झालंसं वाटलं तर पुढच्या वेळी तिळाचं तेल जरा वाढवा.

रात्री पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं, पुसून लगेच मलम, वर जुने सुती मोजे. आठवड्यात टाचा मऊ पडतात. मधुमेही माणसाच्या पायाला भेग खोल गेली असेल तर मलमावर विसंबू नका, दाखवा.

सर्दी-खोकला

ओवा तव्यावर गरम करून सुती फडक्यात पुरचुंडी बांधा, आधी आपल्या मनगटाला लावून बघा आणि मग छातीला शेका. तान्ह्या बाळाला हे करू नका, त्याची कातडी पटकन भाजते. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही नको. वाफ घ्यायचं पातेलं जमिनीवर न ठेवता टेबलावर आतल्या बाजूला ठेवा. दोन आठवडे हटत नाही असा खोकला मात्र घरच्या काढ्याचा नाही, सरकारी दवाखान्यात जाऊन तपासा.

अंघोळीचं पाणी

इथे हिशेबच करू. पंधरा लिटरची बादली 20 अंशांवरून 40 वर न्यायला साधारण 0.35 युनिट वीज लागते. दीड हजार वॅटच्या रॉडला पाव तास. चार जणांच्या घरात महिन्याला 42 युनिट झाले. हेच पाणी स्टीलच्या पिंपात, काळं फडकं गुंडाळून, दुपारभर गच्चीवर ठेवलं आणि तीनच्या सुमाराला खाली आणलं, तर त्याची थंडी मोडते. ते दर पाच अंश वर आलं की बादलीचा चौथा हिस्सा फुकट. ज्यांना संध्याकाळी अंघोळ चालते त्यांनी हे जरूर करावं. पहाटे सहाला निघणाऱ्यांना याचा उपयोग नाही, त्यांनी निदान बादलीवर झाकण ठेवावं. रॉड बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही, हे घरातल्या मुलांकडून वदवून घ्या.

फटी बुजवा, पण सगळ्या नाहीत

दाराखालून येणारी झुळूक पायांना झोंबते. जुन्या पँटचा एक पाय कापा, एक टोक शिवा, वाळू आणि चिंध्या भरा, दुसरं टोक शिवा. दाराला आडवा टाकला की काम झालं. उत्तरेच्या खिडकीला रात्री जुनी चादर दुहेरी करून लावा आणि दक्षिणेची दिवसभर उघडी ठेवा, ऊन तिथूनच येणार.

गॅस गिझर असलेल्या बाथरूमची जाळी मात्र कितीही गार हवा आली तरी बुजवू नका. कोळशाची शेगडी घेऊन बंद खोलीत झोपू नका. दोन्हींतून कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आधी डोकं जड होतं आणि माणसाला वाटतं झोप येतेय. अंघोळीला गेलेलं माणूस नेहमीपेक्षा जास्त वेळ लावत असेल तर दार वाजवा. आमच्याकडे तर नियमच आहे: गिझर चालू असेपर्यंत आतून कडी लावायची नाही, आणि आतल्याने अधूनमधून ओ द्यायची. माझा मुलगा ओ देण्याऐवजी गाणं म्हणतो, तेही चालतं.