चिनी भाषकांना इंग्रजी रकमा शिकवताना

चिनी मातृभाषा असलेल्या प्रौढांना व्यवहाराचे इंग्रजी शिकवू पाहणाऱ्या नव्या शिक्षकांनी सुरुवातीचे तास मोठ्या रकमांच्या वाचनासाठी राखून ठेवावेत, असे मी अनुभवावरून सुचवेन. चिनी भाषेत हजारानंतर ‘वान’, म्हणजे 10 हजार, आणि त्यापुढे ‘यी’, म्हणजे थेट 10 कोटी, अशी एकके येतात. त्यामुळे कागदावर स्वल्पविराम तीन-तीन अंकांनंतर दिलेला असला, तरी विद्यार्थी मनात चार-चार अंकांचे गट पाडतो. 3,500,000 ही रक्कम त्याच्या लेखी 350 वान असते आणि तिथून ‘थ्री पॉइंट फाइव्ह मिलियन’पर्यंत पोहोचताना तो हमखास अडखळतो. लाख-कोटींत वाढलेल्या आपल्याला ही अडचण लगेच कळते खरी, परंतु म्हणून मध्ये लाख आणू नये. तिसरी पद्धत आली की गोंधळ वाढतो. 100 वान म्हणजे एक मिलियन आणि 10 यी म्हणजे एक बिलियन, एवढे दोन टप्पे पक्के करून घेतले, तर पुढचे काम सरावावर सोडता येते.

बोलीतला संक्षेप याहून फसवा आहे. ‘सान वान वू’ हे शब्द एकेक करून पाहिले तर ‘तीन, दहा हजार, पाच’ असे आहेत, पण शेवटच्या आकड्याचे एकक गाळण्याची रीत असल्याने रक्कम 35,000 होते. हीच रीत इंग्रजीत आणून कोणी ‘थर्टी थाउजंड फाइव्ह’ म्हटले, तर समोरचा 30,005 लिहून घेईल.

बेरीज सांगताना ‘टोटली थ्री हंड्रेड युआन’ हे वाक्य वारंवार ऐकू येते, कारण चिनीत ‘एकूण’ या अर्थाचा शब्द रकमेच्या आधी येतो. तेथे ‘इन टोटल’ किंवा ‘ऑल्टुगेदर’ रकमेनंतर ठेवण्याची सवय लावावी. ‘हंड्रेड’ला अनेकवचन लागत नाही आणि ‘डॉलर’ला लागते, हे मात्र ओघात सांगितले तरी पुरते.

सवलतीसाठी वेगळा वेळ द्यावा. चिनी दुकानातील पाटीवरचा 8 हा आकडा मूळ किमतीच्या 80 टक्के रक्कम भरावी लागेल, असे सांगतो. इंग्रजीत तीच सवलत ‘ट्वेंटी पर्सेंट ऑफ’ ठरते. येथे पाठांतर करून घेण्यापेक्षा खऱ्या पावत्या समोर ठेवाव्यात आणि ‘सबटोटल’, सवलत, कर, ‘टोटल’ या क्रमाने प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून घ्यावी.