आठवीनंतर शाळा बदलताय? या चुका टाळा

आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांवर खासगी शाळेत शिकणाऱ्या मुलांच्या पालकांची सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे नववीही तिथेच मोफत होईल असं धरून चालणं. २००९ चा हा कायदा आठवीपर्यंतच लागू आहे. पुढे त्याच शाळेत राहायचं तर इतरांइतकीच फी भरावी लागते, आणि शाळा आठवीपर्यंतच असेल तर तोही पर्याय नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच नववीची फी शाळेकडून लेखी घ्या.

निकालानंतर शाळा शोधायला निघणं ही दुसरी चूक. अकरावीसारखी केंद्रीय ऑनलाइन प्रक्रिया नववीला नाही. प्रत्येक हायस्कूल आपापला प्रवेश देतं. स्वतःची आठवीची मुलं वर चढवल्यावर उरलेल्या जागाच बाहेरच्यांना मिळतात. चाळणी परीक्षेवरची कायद्यातली बंदीही आठवीपर्यंतचीच, त्यामुळे काही ठिकाणी गणित-इंग्रजीची चाचणी होऊ शकते. परवडणारी शाळा हवी असेल तर आधी अनुदानित शाळांत चौकशी करा; तिथे मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ आहे.

खरा घोळ होतो तो दाखल्यावर. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जात या नोंदी जनरल रजिस्टरमधून (शाळेच्या विद्यार्थी नोंदवहीतून) शाळा सोडल्याच्या दाखल्यावर येतात, तिथून नव्या शाळेत आणि शेवटी दहावीच्या बोर्डाच्या अर्जात. मूल शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी घेऊन चूक दुरुस्त करता येते. दाखला हातात पडला की तेच काम फार किचकट होतं. आठवी सुरू असतानाच रजिस्टरचा उतारा मागा आणि जन्मदाखला, आधार, जातीचा दाखला यांच्याशी एकेक अक्षर ताडून पाहा. ‘आधारवर बरोबर आहे ना’ एवढ्यावर थांबू नका. बोर्डाच्या कामात शाळेची नोंद बघितली जाते.

नव्या शाळेत जागा पक्की झाल्याशिवाय दाखला काढू नका. नाव एकदा कमी झालं की जुनी शाळा परत घेईलच असं नाही. थकबाकीच्या नावाखाली दाखला अडतो तो बहुधा बस, पुस्तकं, गणवेश यांच्या पैशांवरून, म्हणून पावत्या जपून ठेवा. मूळ दाखला जमा करण्याआधी चार-पाच झेरॉक्स काढा. परराज्यात जाणार असाल तर त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्या.

कागद दिला म्हणजे बदली झाली असंही नाही. यू-डायस या शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत जुन्या शाळेने विद्यार्थ्याला ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, टाकावं लागतं, तेव्हाच नवी शाळा त्याला आपल्याकडे ओढू शकते. पेन क्रमांक (विद्यार्थ्याचा कायमस्वरूपी शिक्षण क्रमांक) आणि सरल आयडी (राज्याच्या सरल प्रणालीतला विद्यार्थी क्रमांक) प्रगतिपत्रकावर नसेल तर लिहून मागा. नवी शाळा ‘नाव दिसत नाही’ म्हणाली तर बहुधा जुन्या शाळेने ते सोडलेलं नसतं. तिथल्याच कारकुनाला गाठा.

सीबीएसईतून राज्य मंडळात येताना भाषा तपासा. मराठी टाळता येत नाही, आणि नव्या शाळेत संयुक्त हिंदी-संस्कृत (५०-५० गुण) एवढाच पर्याय असेल तर फ्रेंच शिकलेल्या मुलाला संस्कृत पहिल्यापासून सुरू करावं लागतं. मंडळ बदलायचंच असेल तर नववीतच बदला. सीबीएसईची बोर्डासाठीची नोंदणी नववीत होते, दहावीत थेट प्रवेश अपवादानेच मिळतो.