प्लँकच्या वरची ती करडी रेघ अशी घालवा

लिनक्सच्या एक्सएफसीई डेस्कटॉपवर प्लँक हा डॉक (म्हणजे प्रोग्राम्सच्या आयकॉन्सची पट्टी) लावला की त्याच्या थोडं वर एक आडवी करडी रेघ दिसू लागते. हलक्या रंगाचा वॉलपेपर असेल तर फारच खुपते. अनेकजण डॉकची थीम बदलून बघतात, पण त्याने काही होत नाही. रेघ प्लँकची नसतेच. डॉकची अदृश्य खिडकी दिसणाऱ्या आयकॉन्सपेक्षा उंच असते आणि विंडो मॅनेजर (खिडक्यांच्या चौकटी आणि सावल्या सांभाळणारा प्रोग्राम) तिच्या कडेला सावली काढतो.

उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे:

१. सेटिंग्जमध्ये 'विंडो मॅनेजर ट्वीक्स' उघडा. नुसतं 'विंडो मॅनेजर' नव्हे, तो वेगळा आहे.
२. शेवटच्या 'कंपोझिटर' टॅबवर जा.
३. 'शो शॅडोज अंडर डॉक विंडोज' समोरची खूण काढा.

रेघ लगेच जाते. लॉगआउट करायची गरज नाही. एक्सएफसीईच्या पॅनलखालची सावलीही सोबत जाईल, कारण तोही डॉकमध्येच मोडतो. माझ्या मते पॅनल सावलीविना जास्त स्वच्छ दिसतो. नेहमीच्या खिडक्यांची सावली मात्र शाबूत राहते, तिची खूण वेगळी आहे.

उघडणाऱ्या मेन्यूंभोवती गोल कोपऱ्यांबाहेर चौकोनी काळपट कडा दिसत असतील, तर तिथेच पॉपअप विंडोजची खूणही काढून बघा.

एक सांभाळा: त्याच टॅबवर सर्वांत वर असलेलं 'एनेबल डिस्प्ले कंपोझिटिंग' बंद करू नका. त्याने सावल्या जातात खऱ्या, पण पारदर्शकताही जाते आणि प्लँकमागे काळा पट्टा उमटतो.