आयलंडवर शेगडी घेताय? आधी चिमणीच्या पाइपाचं तोंड ठरवा

गुहागरच्या घरी आयलंडवर, म्हणजे स्वयंपाकघराच्या मधोमध असलेल्या मोकळ्या ओट्यावर, शेगडी घेतली तेव्हा ग्रॅनाइट कुठला आणि ड्रॉवर किती यावर आम्ही दोन महिने घालवले. चिमणीचा पाइप बाहेर कुठे काढायचा, हे मात्र गवंडी भोक पाडायला आला त्या सकाळी ठरलं. पश्चिमेची भिंत जवळ होती, म्हणून पश्चिमेला. जूनमध्ये पहिल्या वादळी पावसाच्या रात्री पाइपाची झडप खडखड वाजत राहिली आणि दुसऱ्या दिवशी मी बांगडे तळत असताना पाइपातून पिवळट, तेलकट पाणी थेट तव्यात टपकलं. तेल मनगटावर उडालं, त्याचा डाग अजून आहे. आता धाकटा भाऊ मालवणला घर बांधतोय, त्याच्यासाठी हे लिहिलं. तुमच्याही उपयोगी पडेल.

तर पहिलं काम, पाइपाचं बाहेरचं तोंड. पावसाळ्यात आपल्याकडे वारा नैऋत्येकडून, समुद्रावरून येतो. घराच्या ज्या भिंतीला झड लागते म्हणून तुम्ही झाप किंवा प्लॅस्टिक बांधता, त्या भिंतीतून पाइप काढायचा नाही. चार हात जास्त लागले तरी पूर्वेला किंवा उत्तरेला न्या. आयलंड मधोमध असतं, त्यामुळे सरळ वर स्लॅबमधून नेणं सगळ्यात चांगलं, पण त्यासाठी भोकाची जागा स्लॅब पडण्याआधी सोडावी लागते. कौलारू छपरातून नेणार असाल तर पाइपाभोवती पत्र्याची झालर नीट बसवून घ्या, नाहीतर गळती ठरलेली. आडव्या पाइपाला उतार बाहेरच्या बाजूला हवा. आमच्याकडे तो आत होता.

आता चिमणी. भिंतीलगतच्या ओट्यावर धूर भिंतीच्या आधाराने वर जातो. आयलंडला चारही बाजू मोकळ्या, पंख्याची झुळूकसुद्धा धूर ओढून नेते. म्हणून चिमणी शेगडीएवढी नको, मोठी हवी: 60 सेंटीमीटरच्या शेगडीवर 90 ची घ्या. आयलंडसाठी वरून टांगायची वेगळी येते, भिंतीवरची चालत नाही. गॅसपासून उंची साधारण 65 ते 75 सेंटीमीटर, पण सोबतच्या पुस्तिकेत लिहिलंय तेच पाळा. शेगडीच्या वर किंवा जवळ सीलिंग फॅन नको.

ओढ किती हवी? 12 बाय 12 फुटांचं, 10 फूट उंच स्वयंपाकघर म्हणजे सुमारे 41 घनमीटर. तासाला 15 वेळा हवा बदलायची तर तासाला 600 घनमीटरच्या वर आकडा जातो. पण खोक्यावरचा आकडा पाइप न जोडता मोजलेला असू शकतो, प्रत्येक वळणाने ओढ कमी होते, आणि आयलंड असलेलं घर बहुधा हॉलला उघडंच असतं. सुके बोंबील भाजणाऱ्या घराने 1200 च्या खाली जाऊ नये, असं माझं मत आहे. पाइप 6 इंची असेल तर शेवटपर्यंत 6 इंचीच ठेवा. 4 इंची केलात तर तोंड निम्म्याहून लहान होतं, ओढ मरते आणि आवाज वाढतो. घडीचा लवचीक पाइप शक्यतो नको, त्याच्या वळ्यांत तेल साचतं.

आणि पाइप बघताना पुन्हा एकदा बघा, तोंड कुठे जातंय. दुकानदार विचारणार नाही, बसवायला येणारा माणूसही विचारणार नाही. त्याला जवळची भिंत दिसते.

पाइप न लावता आतल्या आत हवा गाळून सोडणारी चिमणी घेऊ नका. कोळशाची जाळी वास कमी करते, वाफ घरातच राहते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात भिंती आधीच ओल्या असतात. ओट्यातूनच खाली ओढणारी यंत्रणा दिसायला सुंदर, पण उंच टोपातल्या भाताची वाफ तिच्यापर्यंत पोचत नाही.

धातू: खारी हवा साध्या लोखंडाला दोन पावसाळेही धड ठेवत नाही. बाहेरची टोपी, जाळी, स्क्रू सगळं स्टेनलेस. समुद्र अगदी समोर असेल तर 316 प्रतीचं मागा, 304 वर मिठाचे डाग पडतात. आमच्या टोपीचे स्क्रू गंजून तुटले आणि टोपी माडाखाली सापडली.

बाहेर जाणाऱ्या हवेच्या जागी आत हवा यायला हवी, म्हणून पूर्वेची एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. बाकी पटकन: टांगायला स्लॅबमध्ये पक्के फास्टनर, फॉल्स सीलिंगच्या भरवशावर नाही. वायर आणि अर्थिंग छतातच आधी काढून ठेवा. जाळी बॅफलची, म्हणजे धातूच्या वळवलेल्या पट्ट्यांची, महिन्याला गरम पाण्यात धुवा. शिडी लागेल एवढी जागा ठेवा.

भोक पाडण्याच्या दिवशी गवंड्यासोबत स्वतः उभे राहा आणि खडूने खूण तुम्हीच करा, झड न लागणाऱ्या भिंतीवर.