भाकरी चावता येईना? साखरेकडेही बघा

मधुमेह असलेल्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या ताटाकडे जरा लक्ष द्या. भाकरीचा कडक पापुद्रा बाजूला पडतोय, काकडी-गाजर तसंच राहतंय आणि मऊ भात, चहात बुडवलेला पाव वाढलाय? मग दात दुखतोय का, हे विचाराच. आमच्या आई कधीच आपणहून सांगत नाहीत. एकाच बाजूने चावत राहतात.

वाढलेल्या साखरेमुळे हिरड्यांना जंतुसंसर्ग लवकर होतो, दात हलू लागतात. उलट हिरड्यांची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. त्यात चावता येत नाही म्हणून चोथ्याचे पदार्थ सुटले की जेवणानंतरची साखर आणखी चढते.

दात दुरुस्त होईपर्यंत नुसत्या पेजेवर राहू नका. भाकरी आमटीत कुस्करा, मूग-मटकीची उसळ बोटाने चेपेल इतकी शिजवा, काकडी किसून दह्यात घाला. घास लहान घ्या.

ब्रश करताना रक्त आलं तर ब्रश थांबवू नका, मऊ ब्रश घ्या आणि दंतवैद्य गाठा. मिश्रीने हिरड्या 'घट्ट' होत नाहीत, ती तंबाखूच आहे. कवळी रात्री काढून, धुऊन पाण्यात ठेवा.

दंतवैद्याकडे शक्यतो सकाळी, नाश्ता आणि नेहमीचं औषध घेऊन जा. एचबीए१सीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) रिपोर्ट आणि औषधांची चिठ्ठी सोबत हवी. दात काढल्यावर जेवण कमी जाणार असेल, तर इन्सुलिन किंवा गोळ्यांचं काय करायचं हे मधुमेहाच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. नाहीतर साखर एकदम खाली येऊ शकते.