नवे स्पीकर, तरी बेस गायब? पेन्सिल सेलने तपासा

गाडीत नवे स्पीकर बसवले, आवाज मोठा झाला, पण बेस मात्र पोकळ. ॲम्प्लिफायरवर पैसे घालण्याआधी वायरी बघा. एका दाराच्या स्पीकरचे प्लस-मायनस उलटे जोडले गेले की नेमकं असंच होतं, आणि घाईच्या फिटिंगमध्ये ते सर्रास होतं.

आधी फुकटची चाचणी: फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरमध्ये आवाज वाटणारी सेटिंग) पूर्ण पुढे घ्या, तबल्याचा डग्गा ठळक असलेलं गाणं लावा आणि बॅलन्स (डाव्या-उजव्या स्पीकरची सेटिंग) मधून एका बाजूला न्या. एकच स्पीकर वाजताना बेस वाढला तर संशय पक्का.

मग:
१. स्टिरिओ बंद करून मागचा कनेक्टर काढा.
२. दीड व्होल्टचा सेल एका स्पीकरच्या दोन वायरींना क्षणभर टेकवा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लस वायरीला.
३. टॉर्च मारून स्पीकरचा कोन (आवाज करताना हलणारा शंकूसारखा पडदा) बघा. ‘टक्’ आवाजासरशी बाहेर आला तर जोडणी बरोबर. आत गेला तर त्या स्पीकरच्या वायरी अदलाबदल करा.

जाळीतून कोन दिसत नसेल तर दाराचं पॅनल काढावं लागेल, इलाज नाही.

सेल नुसता टेकवायचा, धरून ठेवायचा नाही. गाडीची १२ व्होल्टची बॅटरी तर मुळीच वापरू नका, कॉइल जळेल.