तयार रोबो घ्यावा की स्वतः जोडावा?

हा प्रश्न बहुतेक घरांत किमतीवरून सुटतो. त्याआधी वेगळं काहीतरी विचारायला हवं: सहा महिन्यांनी रोबो चालेनासा झाला, तर त्याचं काय करणार? खोलून बघायची हौस असेल तर जोडा. मुलाला फक्त प्रोग्रॅमिंग शिकायचं असेल, किंवा सोल्डरिंग करताना शेजारी बसायला मोठं माणूस मोकळं नसेल, तर बिनधास्त तयार घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

तयार घेताना खोक्यावरच्या चित्राला भुलू नका. आधी बॅटरी बघा. आत चिकटवलेली लिथियम बॅटरी काही वर्षांत दम सोडते, आणि ती बदलता आली नाही तर रोबो शोभेची वस्तू होतो. सुटे सेल घालायची सोय असलेला घ्या. मग विचारा, इंटरनेट नसताना ॲप चालतं का? अँकी ही कंपनी २०१९ मध्ये बंद पडली आणि तिच्या व्हेक्टर रोबोला बोललेलं समजण्यासाठी सर्व्हर लागत असे. लेगोनेही माइंडस्टॉर्म्स ही मालिका २०२२ अखेर थांबवली. रोबो धडधाकट असतो, मागचा आधार जातो. तिसरी तपासणी आतल्या बोर्डाची. मेकब्लॉक कंपनीच्या एमबॉट या रोबोमधला बोर्ड अर्डुइनो उनोच्या (रोबोचा मेंदू होणारा, कोड चढवता येणारा छोटा बोर्ड) धर्तीवर आहे. त्यामुळे मूल आधी स्क्रॅच या मुलांच्या प्रोग्रॅमिंगसारखे ठोकळे पडद्यावर जुळवतं आणि पुढे त्याच रोबोवर अर्डुइनोत थेट कोड लिहितं. असा मोकळा बोर्ड असेल तर चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

जोडायचा ठरला तर

पहिला रोबो दोन चाकांचीच गाडी असू द्या. हात, पाय, कॅमेरा नंतर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत सगळं सामान मिळतं. यादी अशी: ॲक्रिलिकची चॅसी (गाडीचा सांगाडा), दोन बीओ मोटर (गिअर असलेल्या छोट्या प्लास्टिकच्या मोटर) आणि ६५ मिलिमीटरची चाकं, मागे एक कॅस्टर (सगळीकडे वळणारं छोटं चाक), उनो बोर्ड, एल२९८एन मोटर ड्रायव्हर (उनोच्या इशाऱ्यावर मोटरला वीज देणारा बोर्ड), दोन १८६५० सेल (चार्ज होणारे लिथियम सेल), त्यांचा होल्डर आणि चार्जर, एक स्विच, जंपर वायरी. साधा उनो घेतला तर साधारण दीड-दोन हजारांत भागतं. मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) आणि सोल्डरिंग आयर्न यांचा खर्च वेगळा, आणि मल्टिमीटरशिवाय सुरुवातच करू नका.

मोटर १०० किंवा १५० आरपीएमची (मिनिटाला तेवढ्या फेऱ्या) घ्या. ६५ मिलिमीटरचं चाक एका फेरीत साधारण २० सेंटिमीटर जातं, म्हणजे १५० आरपीएमला सेकंदाला अर्धा मीटर. खोलीत एवढा वेग भरपूर झाला. ३०० आरपीएमची गाडी जमिनीवर चिकटवलेल्या काळ्या पट्टीच्या मागोमाग चालवायला गेलात तर ती प्रत्येक वळणावर पट्टी सोडते.

खरी गडबड बॅटरीत

नवशिक्यांचे निम्मे रोबो चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीपायी रडतात. ती कमी करंट ओढणाऱ्या वस्तूंसाठी ठीक आहे. बीओ मोटर सुरू होताना किंवा अडकल्यावर एका अँपिअरच्या आसपास करंट ओढते. तेवढा देताना या बॅटरीचा व्होल्टेज धाडकन खाली येतो, उनो रीसेट होतो आणि गाडी पुढे एक हिसका देऊन थांबते, पुन्हा हिसका, पुन्हा थांबणं. लोक कोडमध्ये चूक शोधत बसतात. चाक फिरताक्षणी बोर्डावरचा दिवा विझून पुन्हा लुकलुकत असेल तर दोष विजेचाच.

म्हणून १८६५० चे दोन सेल एकामागे एक जोडा: नाममात्र ७.४ व्होल्ट, पूर्ण चार्ज असताना ८.४. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच वयाचे हवेत. एका सेलचा व्होल्टेज ३ च्या खाली जाऊ देऊ नका, ३.३ झाला की चार्जला लावा. आवरण फाटलेला सेल सरळ बाजूला काढा, शॉर्ट झाला तर तो पेट घेऊ शकतो.

आता वायरिंग. सेलचा प्लस स्विचमधून बाहेर काढा आणि तिथून दोन वायरी न्या: एक एल२९८एनच्या १२ व्होल्ट लिहिलेल्या स्क्रूला, दुसरी उनोच्या व्हीआयएन या वीज घेणाऱ्या पिनेला. मायनस दोघांनाही. हा मायनस सामाईक नसेल तर ड्रायव्हरला उनोचा इशारा कळतच नाही, मोटर गप्प राहते नाहीतर वाटेल तशी वागते. ड्रायव्हरवर ईएनए आणि ईएनबी या वेग ठरवणाऱ्या पिनांवर बसवलेल्या छोट्या टोप्या (यांनाही जंपर म्हणतात) उपसून काढा, नाहीतर वेग कमी-जास्त करता येणार नाही. या दोन पिना उनोच्या ५ आणि ६ ला जोडा. ९ किंवा १० ला नको: पुढे सर्वो मोटर (ठरावीक कोनात वळणारी मोटर) लावलीत की सर्वोची लायब्ररी, म्हणजे तिचा तयार कोड, त्या दोन पिनांवरचं पीडब्ल्यूएम (वीज भराभर चालू-बंद करून वेग ठरवणं, आकडा ० ते २५५) बंद करते.

एल२९८एन स्वतःच दीड-दोन व्होल्ट खातो आणि गरम होतो. बीओ मोटरला मात्र हे पथ्यावरच पडतं, कारण ७.४ मधून उरलेले साडेपाच तिला मानवतात. त्याऐवजी टीबी६६१२ हा मोटर ड्रायव्हर घेतलात तर हा तोटा जवळजवळ नाही. मग पूर्ण ८.४ व्होल्ट मोटरवर जाऊ नयेत म्हणून कोडमध्ये पीडब्ल्यूएम २५५ ऐवजी १८० वर थांबवा. टीबी६६१२ ची एसटीबीवाय पिन ५ व्होल्टला जोडायचं विसरलात तर काहीच हलणार नाही.

बीओ मोटरच्या मागे तांब्याच्या दोन पातळ पट्ट्या असतात. वायर ओढली गेली की त्या मुळातून तुटतात आणि मोटर टाकून द्यावी लागते. वायर सोल्डर केल्यावर लगेच ती मोटरच्या अंगाला केबल टायने बांधा. त्याच दोन पट्ट्यांवर १०४ छापलेला सिरॅमिक कपॅसिटर आडवा सोल्डर करा. मग मोटरच्या आतल्या ब्रशमधून उडणाऱ्या ठिणग्यांचा त्रास सेन्सरला होत नाही.

पहिल्यांदा चालवताना

गाडी जमिनीवर ठेवू नका. डब्यावर ठेवून चाकं अधांतरी फिरवा. एक चाक उलटं फिरलं तर कोडला हात न लावता त्या मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल करा. पीडब्ल्यूएम ७०-८० च्या खाली गेला की मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. तो बिघाड नव्हे.

खाली उतरवल्यावर गाडी एका बाजूला ओढणारच, कारण दोन बीओ मोटर कधीच एकसारख्या फिरत नाहीत. वेगाने फिरणाऱ्या चाकाचा पीडब्ल्यूएम आकडा पाच-पाचने कमी करत जा. आधी कॅस्टरमध्ये केस गुंतलेत का ते बघा.

कोडच चढत नसेल तर लक्षात घ्या, स्वस्त बोर्डांना संगणकात सीएच३४० या यूएसबी चिपचा ड्रायव्हर (संगणकात टाकायचं सॉफ्टवेअर) लागतो. फोनवरून गाडी चालवण्यासाठी एचसी-०५ हे ब्लूटूथ मॉड्यूल ० आणि १ या पिनांवर लावलं असेल तर कोड चढवण्यापुरतं काढा. हे मॉड्यूल अँड्रॉइडशी जुळतं, आयफोनशी नाही, हे विकत घेण्याआधीच लक्षात घ्या.

आवाज पाठवून अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर पडदा, सोफा किंवा तिरकी भिंत समोर आली की फसतो; आवाज परत येत नाही आणि आकडा शून्य मिळतो. कोड त्या शून्याचा अर्थ ‘भिंत चिकटली’ असा घेतो आणि मोकळ्या खोलीत गाडी मागे पळत सुटते. शून्य आलं तर ते मोजमाप सोडून द्यायची एक ओळ लिहा आणि दोन मोजमापांमध्ये ६० मिलिसेकंद थांबा.

काळी पट्टी ओळखणारे सेन्सर जमिनीपासून ५ ते १० मिलिमीटरवर बसवा, आणि सेन्सरवरच्या निळ्या पोटेंशिओमीटरचा (संवेदनशीलता कमी-जास्त करायचा भाग) स्क्रू ज्या खोलीत, ज्या वेळी गाडी चालवणार तिथेच फिरवा. रात्री ट्यूबलाइटखाली जुळवलेला सेन्सर सकाळी खिडकीतल्या उन्हात काळं-पांढरं ओळखत नाही.